शिकारी रिव्हॉल्व्हर व घरीं भरलेलीं काडतुसें

रिव्हॉल्व्हर म्हटलें म्हणजे सामान्य नागरिकाच्या डोळ्यांपुढें पोलीस-अंमलदाराचा कमरपट्टा किंवा चित्रपटांतील एखादा दरोडेखोर उभा राहतो. या हत्यारानें कोणी सांबराएवढ्या जनावराची शिकार करीत असेल, आणि त्यासाठीं लागणारीं काडतुसें रात्रीचें जेवण आटोपल्यावर घरांतील मेजापाशीं बसून स्वतःच्या हातानें भरीत असेल, ही कल्पना आपल्याकडे सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. परंतु अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ही एक जुनी व पुष्कळ लोकांनीं जोपासलेली विद्या आहे. तींत रसायन आहे, यंत्रशास्त्र आहे, काटकसर आहे आणि धोकाही आहे. तो धोका कोणत्या स्वरूपाचा, आणि तो आवरण्यासाठीं माणसांनीं स्वतःवर कोणतीं बंधनें घालून घेतलीं, हें समजून घेणें हाच या भाषणाचा हेतु आहे.

प्रथम काडतुसाची रचना पाहूं. त्याचे भाग चार. एक पितळी नळकांडें, त्याच्या बुडाशीं बसविलेली लहानशी केप, पोटांत दारू, आणि तोंडाशीं गोळी. चाप ओढला कीं घोडा सुटून केपेवर आघात होतो, केपेंतील मिश्रण पेटतें, त्याची ज्वाला बुडाच्या भोंकांतून दारूपर्यंत पोंचते, दारूचा वायु होतो आणि त्या वायूच्या दाबानें गोळी नळींतून बाहेर फेंकली जाते. या क्षणीं पितळ फुगून पोलादाच्या भिंतीस घट्ट चिकटतें व वायु मागें येऊं देत नाहीं. दाब ओसरतांच तें किंचित् आकसतें, म्हणून रिकामें नळकांडें सहज बाहेर निघतें. चार भागांपैकीं केप, दारू आणि गोळी एकाच बारांत संपतात. नळकांडें मात्र शाबूत राहतें, आणि काडतुसाच्या किंमतींत बहुधा त्याचाच वाटा मोठा असतो. तें टाकून न देतां पुनःपुन्हां भरावें, या साध्या गृहिणीधर्मांतून हातानें काडतुसें भरण्याची विद्या वाढीस लागली.

आतां हत्याराकडे वळूं. रायफलींत एकच काडतूस नळीच्या मुळाशीं जाड पोलादी कवचांत बसतें. रिव्हॉल्व्हरमध्यें पांच किंवा सहा काडतुसें एका फिरत्या सिलिंडरच्या निरनिराळ्या घरांत बसविलेलीं असतात. सिलिंडर फार मोठा केला तर हत्यार हातांत पेलत नाहीं. तो लहान ठेवून घरें मोठीं कोरलीं तर दोन घरांमधील पोलादाची भिंत पातळ होते. या पातळ भिंतीनें सोसावयाचा दाब किती? .४५ कोल्ट या जुन्या काडतुसाची मर्यादा तेथील कारखानदारांच्या संस्थेनें दर चौरस इंचास १४,००० पौंड ठरविली आहे, तर .४४ मॅग्नम या शिकारी काडतुसाची ३६,००० पौंड. मोटारीच्या चाकांत दर चौरस इंचास ३० पौंडांच्या आसपास हवा भरतात. म्हणजे त्याच्या सुमारें बाराशें पट दाब हा शिकारी आपल्या मुठींत, डोळ्यांपासून दीड हातावर उत्पन्न करीत असतो.

मोठ्या तोंडाचें हातांतलें हत्यार हिंदुस्थानास अगदींच अपरिचित होतें असें नाहीं. एकोणिसाव्या शतकांत हत्तीच्या हौद्यांत बसून वाघाची शिकार करणारे इंग्रज दोन नळ्यांचें जाडजूड पिस्तूल जवळ बाळगीत, व त्यास हौदा-पिस्तूल असेंच नांव पडलें होतें. जखमी वाघ हत्तीवर झेंप घेऊन हौद्यापर्यंत आला तर शेवटचा उपाय म्हणून तें असे. शिकार रायफलीचीच, पिस्तूल केवळ जीव वांचविण्यापुरतें. प्रत्यक्ष शिकारच रिव्हॉल्व्हरनें करावी हा विचार विसाव्या शतकांत अमेरिकेच्या पश्चिमेकडील डोंगराळ मुलुखांत बळावला, आणि त्याच्याशीं एल्मर कीथ या गृहस्थाचें नांव कायमचें जोडलें गेलें आहे.

कीथचा जन्म १८९९ सालीं मिसूरी संस्थानांत झाला. त्याचें आयुष्य बहुतेक मोंटाना व आयडाहो या संस्थानांत गेलें. गुरें राखणें, शिकाऱ्यांना डोंगर दाखविणें आणि बंदुकांविषयीं मासिकांत लिहिणें हे त्याचे व्यवसाय. १९२५ सालीं अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनीं, ४ जुलै रोजीं, तो आपल्या .४५ कोल्ट रिव्हॉल्व्हरनें आनंदाचे बार काढीत होता. काडतुसें त्यानें स्वतः भरलेलीं होतीं. गोळी रायफलीसाठीं ओतलेली, म्हणजे नेहमीपेक्षां जड, आणि दारूचा भरणाही भारी. एका बाराबरोबर सिलिंडरचा वरचा भाग आणि त्यावरील सांगाड्याची पट्टी उडून गेली. सुदैवानें तो बचावला. या प्रसंगानें घाबरून त्यानें हा नाद सोडला नाहीं. त्यानें कारण शोधलें. .४५ पेक्षां .४४ स्पेशल हें काडतूस सुमारें दोन शतांश इंचानें बारीक. तेवढ्याच आकाराच्या सिलिंडरमध्यें त्याचीं घरें लहान, म्हणून मधली भिंत अधिक जाड. कीथनें आपले पुढील सारे प्रयोग .४४ वर केले.

त्यानें गोळीचा आकारही बदलला. जुनी गोळी पुढें वाटोळी असे. ती मांस बाजूस सारून निघून जाई. कीथनें आंखलेल्या गोळीचें नाक सपाट असून मागें तीक्ष्ण खांदा होता, त्यामुळें ती स्वच्छ व रुंद भोंक पाडी आणि जनावर लौकर कोसळे. या गोळीचा ४२९४२१ क्रमांकाचा सांचा अमेरिकन हातभरणाऱ्यांच्या घरोघरीं माहीत आहे. तिचें वजन सुमारें २५० ग्रेन. एक तोळा म्हणजे १८० ग्रेन, तेव्हां आपल्या मापानें ती एक तोळा पावणेपांच मासे भरेल. धातु शिसें, परंतु निव्वळ शिसें मऊ पडतें म्हणून त्यांत थोडें कथील. दारू हर्क्युलिस कंपनीची ‘२४००’ या नांवाची, सावकाश जळणारी. सावकाश जळणारी दारू एकदम धक्का न देतां गोळीस नळीच्या टोंकापर्यंत ढकलीत नेते, म्हणून तेवढ्याच दाबांत अधिक गति मिळते.

असें काडतूस कारखान्यांनीं तयार करून विकावें, असा लकडा कीथनें जवळ जवळ तीस वर्षें लावला. कारखानदार बिचकत होते आणि त्यांचें बिचकणें अनाठायी नव्हतें. लोकांच्या घरांत .४४ स्पेशलचीं जुनीं रिव्हॉल्व्हरें पडून होतीं. नवें भारी काडतूस कोणी त्यांत घातलें तर अनर्थ ओढवणार. या अडचणीवरचा तोडगा १९३५ सालींच एका लहान काडतुसाच्या बाबतींत निघालेला होता. स्मिथ अँड वेसन कंपनीनें त्या वर्षीं .३५७ मॅग्नम बाजारांत आणलें, तेव्हां .३८ स्पेशलचें नळकांडें एक अष्टमांश इंचाहून किंचित् अधिक लांब केलें होतें. इतकें, कीं तें जुन्या.३८ च्या घरांत पुरतें बसूंच नये. तीच युक्ति .४४ ला लावली गेली. रेमिंग्टन कंपनीनें काडतूस व स्मिथ अँड वेसननें रिव्हॉल्व्हर सिद्ध केलें. पहिलें रिव्हॉल्व्हर १९५५ च्या डिसेंबरांत तयार झालें आणि १९५६ च्या आरंभीं.४४ मॅग्नमची घोषणा झाली. त्याच वर्षीं रूगर कंपनीचेंही रिव्हॉल्व्हर आलें. नव्या नळकांड्याची लांबी जुन्यापेक्षां बरोबर एक अष्टमांश इंच अधिक. आपल्या सुतारांच्या भाषेंत एक सूत. त्या एका सुतानें कित्येकांचे हात व डोळे वांचविले असतील.

परंतु हें कुंपण एकाच बाजूचें आहे. लांब काडतूस आंखूड घरांत बसत नाहीं हें खरें; पण घरीं बसून काडतुसें भरणारा मनुष्य आंखूड नळकांड्यांतही भारी दारू भरूं शकतो. तें काडतूस बाहेरून दिसावयास अगदीं साधें, जुन्या रिव्हॉल्व्हरमध्यें सुखानें शिरणारें, आणि आंत मात्र दुप्पट दाबाचें. .४५ कोल्टच्या बाबतींत ही गोष्ट नित्याची आहे. त्याच नांवाचीं आजचीं कांहीं मजबूत रिव्हॉल्व्हरें एवढा दाब सहन करतात, कीं तेवढ्यानें शंभर वर्षांपूर्वींचें कोल्ट फुटून जाईल. म्हणून भरण्याच्या कोष्टकांच्या पुस्तकांत त्यांचीं पानें वेगळीं छापतात. तात्पर्य, कारखान्यानें पितळेंत घातलेलें कुंपण घरच्या मेजावर उरत नाहीं. तेथें तें भरणाऱ्याच्या मनांत असावें लागतें. या विद्येचे सारे नियम याच एका गोष्टीभोंवतीं फिरतात.

आतां खरेदीचा विचार. १९५६ नंतरही शक्ति वाढतच गेली. यूटा संस्थानांतील डिक कॅसल यानें आंखलेल्या .४५४ कॅसल काडतुसाचें पांच बारी रिव्हॉल्व्हर १९८३ पासून विक्रीस आलें, २००३ सालीं.५०० स्मिथ अँड वेसन आलें, आणि त्याच्या लांब नळीच्या रिव्हॉल्व्हरचें वजन दोन किलोच्या घरांत गेलें. नवशिक्यास सर्वांत मोठें तें सर्वांत उत्तम असें वाटतें. अनुभवी लोक उलट सांगतात. जड हत्यार धक्का गिळतें परंतु दिवसभर डोंगरांत वाहावें लागतें. हलकें हत्यार वाहावयास सुखाचें परंतु मनगटास जाचक. १९७१ सालच्या ‘डर्टी हॅरी’ या चित्रपटानंतर .४४ मॅग्नमला एवढी मागणी आली, कीं कारखान्यास ती पुरवितां येईना. पण हौसेनें घेतलेल्या पुष्कळ रिव्हॉल्व्हरांना लौकरच दुसरा धनी शोधावा लागला. पन्नास काडतुसांच्या पेटींतील सहा उडवून चव्वेचाळीस शिल्लक असलेलें जुनें .४४ विकत मिळतें, असा विनोद तिकडे प्रचलित आहे.

जुनें रिव्हॉल्व्हर घेणारास म्हणूनच कधीं कधीं जवळ जवळ नवाच माल मिळतो. तथापि परीक्षा अवश्य करावी लागते. सर्वांत आधीं सर्व घरें रिकामीं आहेत याची खात्री डोळ्यांनीं व बोटानें करतात. घोडा सावकाश मागें ओढला असतां प्रत्येक घर नळीच्या अगदीं समोर येऊन तेथें पक्कें अडकलें पाहिजे. थोडें तिरकें राहिलें तर गोळी नळींत शिरतांना तिची कड तासली जाते व शिशाचे कण बाजूस उडतात. सिलिंडर पुढें-मागें हालतां कामा नये. सिलिंडर व नळी यांमधील फट चार ते आठ हजारांश इंच असली म्हणजे ठीक. त्या फटीच्या वरची पट्टी ज्वालेनें फार खाल्लेली असल्यास भारी काडतुसें पुष्कळ उडालीं असें समजावें. रूगरच्या १९७३ पूर्वींच्या रिव्हॉल्व्हरांत घोड्याखालचें घर रिकामेंच ठेवावें लागे, कारण हत्यार खालीं पडलें तर बार उडण्याचा संभव होता; त्या वर्षापासून मधें एक सरकती पट्टी घालून हा दोष काढला गेला. आणि शेवटीं मूठ. ती ज्याच्या त्याच्या हातास बसली पाहिजे, ही गोष्ट कोणतेंही जाहिरातपत्रक सांगूं शकत नाहीं. अमेरिकेंत परवानाधारक विक्रेत्याकडे सरकारी फॉर्म भरून व सामान्यतः पूर्वचरित्राची तपासणी होऊन मगच असें हत्यार ताब्यांत मिळतें.

हत्यार आलें म्हणजे मेज मांडावयाचें. त्यावर एक हातानें चालविण्याचें दाबयंत्र, त्यांत बसणाऱ्या पोलादी डाय, एक सूक्ष्म कांटा, व्यास मोजण्याचें माप आणि कोष्टकांचें पुस्तक. .४४ हें केवळ नांव आहे. या गोळीचा खरा व्यास सुमारें.४२९ इंच. नांवावर विसंबून कोणी गोळी ओतली तर ती मोठी होईल, म्हणून मोजून पाहणें हा पहिला धडा.

जुनीं नळकांडीं स्वच्छ करून एकेक उजेडांत धरावयाचें. तोंडाशीं चीर असेल किंवा बुडाजवळ ताणल्याची चकाकती रेघ असेल तर तें बाद. उरलेलीं दाबयंत्रांतून काढलीं म्हणजे फुगलेलें पितळ मूळ मापावर येतें व जळलेली केप बाहेर पडते. दुसऱ्या डायनें तोंड किंचित् रुंद करतात, कारण तसें न केल्यास शिशाची गोळी आंत जातांना खरवडते. नवी केप बुडाच्या पातळीच्या किंचित् खालीं बसली पाहिजे. ती वर राहिली तर सिलिंडर फिरतांना अडतो. मग दारू. कांटा एक दशांश ग्रेनपर्यंत दाखवितो. ही गुंजेच्या सुमारें विसाव्या भागाएवढी तोल झाली. सोनारालाही याहून सूक्ष्म काम क्वचितच करावें लागत असेल.

दारूच्या बाबतींत चूक होण्याच्या वाटा मुख्यतः दोन. पहिली म्हणजे एकाच नळकांड्यांत दोनदां भरणा. शीघ्र जळणारी दारू थोडीशीच लागते, तेव्हां ती दुप्पट पडली तरी नळकांडें ओसंडत नाहीं आणि गोळी बसविल्यावर कांहीं दिसत नाहीं. म्हणून सर्व भरलेलीं नळकांडीं लाकडी ठोकळ्यांत उभीं करून, गोळी बसविण्यापूर्वीं दिव्याच्या उजेडांत एकेकांत डोकावून पाहण्याचा प्रघात आहे. सावकाश जळणारी दारू पोट बरेंच भरून टाकते. दुसरा भरणा बहुधा बाहेर सांडतो आणि चूक आपोआप उघडी पडते. दुसरी चूक म्हणजे ऐकीव मापावर भरवसा. पुस्तकांतील कमाल मापापेक्षां दहांत एक या प्रमाणानें कमी भरून आरंभ करावा, आणि हत्याराचीं चिन्हें पाहत हळूहळू वर जावें, असा सामान्य नियम आहे. रिकामीं नळकांडीं घरांत चिकटून बसूं लागलीं, किंवा केप चपटी झाली, तर पुढें जाण्याची वाट बंद झाली असें समजावें. परंतु या नियमालाही अपवाद आहे. कांहीं दारू फार कमी भरल्या तर नीट पेटत नाहींत व गोळी नळींत अडकून बसते. त्यांचे उत्पादक माप घटविण्यासही मनाई करतात. म्हणून प्रत्येक दारूसाठीं तिच्याच उत्पादकाचें छापील कोष्टक वाचणें याला दुसरा पर्याय नाहीं.

गोळी बसविल्यावर नळकांड्याचा कांठ तिच्या खाचेंत घट्ट दाबतात. यामागील कारण विचार करण्यासारखें आहे. पहिला बार उडाला कीं हत्यार जोरानें मागें येतें. उरलेल्या घरांतील गोळ्या जडत्वानें जागच्या जागीं राहूं पाहतात आणि नळकांडीं मात्र मागें खेंचलीं जातात. कांठ ढिला असेल तर दोन-तीन बारांनंतर एखादी गोळी पुढें सरकून सिलिंडरच्या बाहेर डोकावते, आणि सिलिंडर फिरत नाहीं. चवताळलेलें अस्वल समोर असतां असें झाल्यास काय होईल, तें सांगावयास नको.

या कामाच्या खोलीचेही नियम आहेत. दारू तिच्या मूळ डब्यांतच ठेवावयाची आणि एका वेळीं मेजावर एकाच जातीची. विडी-सिगारेट नाहीं, खाद्यपदार्थ नाहींत, गप्पागोष्टी नाहींत. शिसें विषारी असल्यामुळें ओतकाम उघड्या हवेंत, आणि त्यानंतर हात धुतल्यावांचून कोणत्याही वस्तूस स्पर्श नाहीं. घरांतील लहान मुलांना शिशाची बाधा मोठ्यांपेक्षां लौकर होते. प्रत्येक पेटीवर कोणत्या हत्यारासाठीं, कोणती दारू, किती व केव्हां भरली याची चिठ्ठी. आणि परक्यानें भरलेलें काडतूस, मग तो कितीही जिवलग मित्र असो, आपल्या हत्यारांत घालावयाचें नाहीं.

एवढा खटाटोप करून मिळतें काय, असा प्रश्न कोणीही विचारील. पैसे वांचतात हें एक. परंतु मुख्य लाभ निराळा आहे. कारखान्याचें भारी काडतूस उडवून उडवून नवशिक्याच्या मनांत धक्क्याची धास्ती बसते, आणि चाप ओढण्याच्या क्षणीं त्याचे डोळे मिटूं लागतात. घरीं भरणारा मनुष्य हलकीं काडतुसें भरून शेंकडों बारांचा सराव करतो, कानांस बोळे लावून शांतपणें नेम साधतो, आणि मग पायरीपायरीनें शिकारीच्या मापाकडे जातो. कारण .४४ मॅग्नमची शक्ति मोठी वाटली तरी ती रायफलीच्या मानानें तोकडीच आहे. तिची गोळी सुमारें एक हजार फूट-पौंड ऊर्जा घेऊन निघते, तर .३०-०६ या सामान्य शिकारी रायफलीची २,८०० च्या वर. तेव्हां उणीव भरून काढावयाची ती जवळ जाऊन आणि नेम अचूक ठेवून. जेवणाच्या ताटलीएवढ्या खुणेवर ज्या अंतरावरून प्रत्येक गोळी बसते, तेवढेंच त्या शिकाऱ्याचें अंतर. मग तें पन्नास यार्ड असो कीं पंचवीस. त्यापलीकडे हरिण उभें असेल तर हात आंखडता घ्यावयाचा. अर्धवट जखमी होऊन झाडींत मरणारें जनावर ही केवळ दुर्दैवाची गोष्ट नसते. तो बहुधा कोणाच्या तरी उतावळेपणाचा हिशेब असतो.

आपल्या देशांत हें सर्व ऐकण्यापुरतेंच आहे, हेंही स्पष्ट केलें पाहिजे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें हौसेच्या शिकारीचा काळ संपविला, आणि १९५९ च्या हत्यारांच्या कायद्याप्रमाणें हत्यार बाळगण्यास जसा परवाना लागतो तसाच काडतुसें तयार करण्यासही लागतो. म्हणून कोणा हौशी तरुणानें परदेशांतील हकीकत ऐकून घरीं प्रयोग करूं जाणें हें धोक्याचें तर आहेच, शिवाय बेकायदाही आहे.

तथापि या परक्या विद्येंतून एक गोष्ट आपल्या घरोघरीं उपयोगी पडण्यासारखी आहे. विजेची जोडणी, गॅसची शेगडी, औषधाची मात्रा या सर्वांत कारखानदार आपापलें एक सुताचें कुंपण घालीत असतो, आणि घरांतील शहाणा मनुष्य तें सोयीसाठीं ओलांडीत असतो. कुंपण कां घातलें हें ज्यास समजलें, तो तें मोडणार नाहीं. आणि जेथें कुंपण नाहीं तेथें तें स्वतः घालील. एल्मर कीथच्या हातांत १९२५ सालीं जें फुटलें, त्यांतून त्यानें भिंतीची जाडी मोजण्याचा धडा घेतला. पुढें १९८४ सालीं तो वारला, तोंपर्यंत त्याच्या .४४ मॅग्नमनें अमेरिकेच्या रानांत अठ्ठावीस वर्षें काढलीं होतीं.